गुपचिळीचं भविष्य

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोलीभर परीक्षेची पुस्तकं पसरली आहेत, त्यामुळे आठही अंगं टेकायला जागा नाही. सध्या चार अंगांचा घे, उरलेला निकालानंतर.) आतोबांचा गुडघा कसा आहे? अजून जिन्याच्या प्रत्येक पायरीला वेगळी शिवी मिळते का? तुझा खोकला थांबला असेल. बाबांनी पाठवलेलं औषध घेतलं नसशील, तरी घेतलं असं कळव. सख्ख्या भावाचं औषधांचं दुकान, आणि बहीण काढ्यावर जगते, हे त्यांना गिऱ्हाइकांपासून लपवावं लागतं. आई बरी आहे. मीही बरी आहे, निदान गेल्या गुरुवारपर्यंत तरी तसा माझा समज होता.

गुरुवारी आमच्या वर्गाचा निरोप समारंभ झाला. आमच्या शाळेत अशी रीत आहे, की शेवटच्या वर्षाच्या वर्गातल्या एकाने बाकी सगळ्यांची भविष्यं लिहायची. वीस वर्षांनी कोण काय झालेलं असेल, ते थट्टेत सांगायचं आणि पालकांसमोर वाचायचं. हे काम यंदा बाईंनी मला दिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुझी जीभ तशीही तासाला रिकामी बसत नाही, तिला जरा कामाला लाव. (हे मी कौतुक म्हणून घेतलं. आईने तसं घेतलं नाही.) वर्गात मी धरून अडतीस. चार दिवसांत छत्तीस भविष्यं लिहून झाली, आणि त्या चार दिवसांत माझा भाव काय वधारला म्हणून सांगू! ज्यांनी दोन वर्षांत कधी खोडरबर दिला नाही, ते डबे उघडून पुढे करायला लागले. भोंग्याला (याचा आवाज शाळेच्या घंटेआधी पोचतो) वैमानिक व्हायचं होतं. मी त्याला विमानतळावर घोषणा करायला बसवलं आणि त्याचा आवाज ऐकून उतरू पाहणारी विमानं परत फिरवली. मोजपट्टीला, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलीला, शिडी न वापरता छतं रंगवायचा धंदा काढून दिला. आणि प्रत्येक वही 'उद्या देतो' म्हणणाऱ्या उद्याला अग्निशमन दलाचा प्रमुख केलं. बाबा हे ऐकून इतके हसले, की दुकानात एकाला सर्दीऐवजी जुलाबाची गोळी देता देता वाचले.

राहिली गुपचिळी. आत्या, ही मुलगी दोन वर्षं माझ्या पुढच्याच बाकावर बसली आणि माझ्याकडे तिच्याबद्दल लिहायला एक ओळ नव्हती. ती बोलायचीच नाही. हजेरीला हात वर करायची. मधल्या सुट्टीत खिडकीशी डोळे मिटून बसायची. अळीमिळी गुपचिळी, म्हणून गुपचिळी (नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा फार हुशारी वाटली होती). शेवटी लिहिलं, की गुपचिळी एका मोठ्या वाचनालयाची ग्रंथपाल होईल, आणि तिथली पुस्तकंच कंटाळून तिला म्हणतील, बाई, जरा बोला की काहीतरी! माझ्या मते सगळ्यांत जमलेला विनोद हाच होता. म्हणून तो राखून शेवटून दुसरा ठेवला, आणि शेवटी माझा स्वतःचा.

सभागृह गच्च भरलं होतं. मुख्याध्यापकांचं भाषण इतकं चाललं, की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांची झोप पूर्ण होऊन ते ताजेतवाने झाले. मग मी माइकसमोर उभी राहिले, माइकने एक शिट्टी मारली आणि मी सुरू झाले. भोंग्याच्या भविष्याला हशा पिकला. एवढ्यात माझं लक्ष गेलं, मंचाच्या खाली डाव्या बाजूला गुपचिळी चक्क माझ्याकडे पाठ करून उभी होती. म्हटलं, बोलत नाही ते नाही, आता ऐकायचंही नाही? मग दिसलं, की तिचे हात हलताहेत. तिची नजर तिसऱ्या रांगेवर होती. तिथे एक गृहस्थ बसले होते, गळ्यात शिंप्याची टेप (दुकानातून तडक आले असावेत), आणि शेजारी त्यांची बायको. सगळं सभागृह हसून गप्प झालं की एका श्वासाच्या अंतराने हे दोघं हसायचे. आणि काय हसायचे! बाई तर नवऱ्याच्या खांद्यावर थापा मारत होत्या. दोघांनाही ऐकू येत नव्हतं. माझा एकेक शब्द ती मुलगी त्यांना हातांनी पोचवत होती.

पोचवत होती म्हणणंही कमीच. माझ्या तीस शब्दांच्या वाक्याचं ती तीन हालचालींत काम तमाम करायची, आणि तिचं जास्त चांगलं व्हायचं. तिने गाल फुगवले की भोंगाच उभा राहायचा. मान नुसती वर केली की ती मोजपट्टी झाली, हातात न दिसणारा ब्रश, आणि वरून टपकलेला रंगाचा थेंब तिने डोळ्यातून पुसलासुद्धा. तो थेंब माझ्या कागदावर नव्हता, आत्या! उद्याची आग तर तिने अशी पेटवली आणि अशी आळस देत बघत बसली, की डावीकडची निम्मी माणसं माझ्याकडे बघायची सोडून तिच्याकडे वळली. मला राग यायला हवा होता. उलट माझ्याच अंगावर काटा आला. मी सावकाश वाचू लागले, तिचे हात मोकळे होईपर्यंत थांबू लागले. माझ्याच विनोदांना मला नव्याने हसू यायला लागलं.

आणि मग तिचं पान वर आलं.

मी ते मनात वाचलं. आईबाबांना ऐकू येत नाही अशा मुलीला, ती बोलत नाही म्हणून केलेला विनोद मी सांगणार, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवणार तीच. गाळावं तर तिची आई नवऱ्याला कोपराने ढोसून खुणावत होती, आता आपली. दोन तास ते तेवढ्यासाठी बसले होते. तू म्हणतेस ना, मी नवव्या महिन्यापासून बोलते आहे आणि तेव्हापासून घरात शांतता नाही? त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला शब्द सापडेना. गुपचिळीचे हात अर्धवट हवेत थांबलेले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मागून भोंगा ओरडला, "अगं वाच की!"

मी म्हटलं, "मी हिच्या मागच्या बाकावर दोन वर्षं बसले आणि मला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही. हिचं भविष्य हिनेच सांगावं."

तिने इमानेइतबारे तेही हातांनी सांगून टाकलं, आणि सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता पाळी तिची आहे. मग तिने विचारलं, "तुम्हाला सांगू, की त्यांना?" (आत्या, आवाज खणखणीत आहे!)

"त्यांना सांग," मी म्हटलं.

ती दीड-दोन मिनिटं सांगत होती. चारशे माणसांत ते फक्त दोघांना कळलं, पण खुर्ची वाजली नाही. शिंपीकाका टेपच्या टोकाने डोळे पुसत होते. मग तिच्या आईने बसल्या जागेवरून काहीतरी उत्तर दिलं आणि गुपचिळी खदखदून हसली. मुख्याध्यापकांना राहवेना. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

"आई म्हणते, ते सगळं ठीक आहे, पण जाशील तिथे पोचलीस की कळव."

सभागृह कोसळलं. आत्या, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा मी लिहिलेलाच नव्हता.

कार्यक्रमानंतर मी तिला गाठलं आणि ते पान तिच्या हातात दिलं. लपवलं असतं तर जेवण गेलं नसतं. तिने शांतपणे वाचलं, माझी एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, विनोद चांगला आहे, फक्त चुकीचा आहे. ती सहा वर्षांची असताना तिच्या आईच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर हिला सांगणार आणि ही आईबाबांना. शस्त्रक्रियेसाठीची खूण तिला येत नव्हती. म्हणून तिने पोट कापून, आतलं काढून, पुन्हा टाके घालून दाखवलं. बाबा शिंपी, त्यांना लगेच समजलं. तेव्हापासून बँक, वीज कार्यालय, घरमालक, दवाखाना, सगळीकडे तिघांच्या वाटचं ती एकटी बोलते.

"म्हणून शाळेत आले की जरा गप्प बसते," ती म्हणाली. "तेवढीच सुट्टी."

आणि मी दोन वर्षं तिच्या मानेमागे अखंड बडबड करून तिची ती सुट्टी खाल्ली! हेही तिला सांगितलं. तर म्हणाली, छे, बरं वाटायचं, निदान ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. भविष्याचं विचारलं, तर कोर्टात आणि इस्पितळात दुभाषी म्हणून उभं राहायचंय म्हणाली, म्हणजे कुणा सहा वर्षांच्या पोरीला आईचं पोट कापून दाखवावं लागणार नाही. मी काहीच बोलले नाही. (आईला हे अजून पटत नाही.)

बाकी इकडे सगळं जागच्या जागी आहे. आतोबांना नमस्कार, काढ्याला दुरून रामराम.

तुझीच,
भाची

ता. क. : बाबांनी माझ्यासाठी फार्मसीचा अर्ज आणून ठेवलाय. मला ही हातांची भाषा शिकायचीय, नीट, अभ्यासक्रम घेऊन. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. एक पत्र त्यांना टाक. वाटलं तर औषध घेतल्याचंही त्यातच लिही, म्हणजे मन मऊ होईल.

ता. ता. क. : परवानगी मागू नकोस, नुसतं आधी खुर्चीत बसायला सांग. हातांच्या भाषेचा माझा अर्ज सोमवारीच देऊन झालाय.

आणखी एक : काल गुपचिळीच्या घरी जेवले. निघताना तिच्या आईला मी हातांनी, स्वतः शिकलेल्या खुणांनी, 'जेवण फार छान होतं' असं सांगितलं. त्यांनी फार प्रेमाने आतून एक उशी आणि पांघरूण आणून दिलं. रात्री तिथेच राहावं लागलं.