एवासियोचा हवापालट

ओर्टा सरोवर,
२१ नोव्हेंबर १९५८

प्रिय डेलफिना,

तू विणून पाठवलेल्या हिरव्या बंडीबद्दल नीट लिहायचं राहूनच गेलं. एवासियोच्या अंगाला ती जरा सैल झाली, पण रंग त्याला खुलून दिसला. तुझी पाचही पत्रं पोचली. पहिल्या चारांना मी दोन-चार ओळींत उत्तर उरकलं म्हणून रुसली असशील. आज मात्र निवांत बसलेय. पाहुण्यांचा हंगाम संपला, वरच्या तिन्ही खोल्या पुसून बंद केल्या, आणि सरोवरावर धुकं असं बसलंय की समोरचं बेट दोन दिवस दिसलेलं नाही.

तुझा नवरा दहा ऑक्टोबरला बोटीतून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. ओतशाळेची धूळ माणसाचं काय करते ते तू रोज थोडंथोडं बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. गाउदेन्झिओ नावाड्यानं त्याला दंडाला धरून धक्क्यावर ठेवलं आणि मला म्हणाला, "ओर्सोला, हा पाहुणा आहे की दोरीवर वाळत घातलेला सदरा?" एवासियो हसला, मग खोकत राहिला. खोकला थांबल्यावर त्यानं तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय, चॉकलेटच्या कारखान्यात नाताळचं काम सुरू झाल्यानं तुला रजा नाही, महिनाभर त्याला सांभाळ. आणि खाली, "ताई, तुझ्याशिवाय मी विश्वास तरी कुणावर ठेवू?" ही ओळ मी तीनदा वाचली.

विश्वास मीही ठेवला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी. चेस्टनट वेचायला खोऱ्यातून येणाऱ्या टोळीबरोबर एवासियो ओळीनं तीन हंगाम आला आणि तिन्ही हंगाम आपल्या अंगणात, माझ्या हातचं जेवला. पुढचा हंगाम आटोपला की बोलणी करू, असं बाबांनी त्याच्या काकांना सांगूनही टाकलं होतं. चौथ्या हंगामात माझा पाय मुरगळला आणि मीच तुला म्हणाले, "डेलफिना, आजचा डबा तू घेऊन जा." बारा दिवस तू डबा नेलास. त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही. मन काही कुणाच्या हातात नसतं. पण तुझ्या लग्नाच्या जेवणात, साठ माणसांसमोर, तू ग्लास उंचावून म्हणालीस, "ताईनं पोलेंटा ढवळला, वाढून मात्र मी घेतला." सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले, कारण त्या दिवशी साठ जणांसाठी मक्याच्या पिठाचा पोलेंटा खरोखरच मी ढवळत होते. तू एकोणीस वर्षांची होतीस. तुला ते आठवतही नसेल.

तर एवासियो. पहिला आठवडा फार छान गेला. ऊन होतं. तो भिंतीशी खुर्ची टाकून बसायचा आणि मी भोकाच्या तव्यावर चेस्टनट भाजून त्याला सोलून द्यायची. दूध प्यायला लागला, गालांवर रंग चढला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तो जेवत होता. ओतशाळेतल्या मुकादमाची नक्कल करत होता आणि दुसऱ्यांदा वाढून मागत होता. माझ्या टेबलाशी लोक येतात ते खोलीचं भाडं भरून. नुसता माझा म्हणून कुणी बसलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मी पत्र एप्रनच्या खिशात टाकलं. सकाळी देणार होते. आईची शपथ, सकाळी देणारच होते.

पण सकाळी त्याला चेस्टनटचं रान बघायचं होतं. गाउदेन्झिओनं आम्हाला पलीकडच्या काठाला सोडलं, वर चढायला खेचर दिलं. पानं पिवळी पडून खाली गालिचा झाला होता, काटेरी बोंडं उकलून पडली होती. तो त्या जुन्या दगडी ओट्यावर बसला आणि मी त्याला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, "एवासियो, वेगळं झालं असतं तर, असं कधी वाटलं का रे तुला?" त्यानं विचार केला आणि म्हणाला, "नाही गं. आयुष्यात मला फारसं काही धड जमलं नाही. पण त्या दिवशी डबा घेऊन ती आली, ते बरं झालं." मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुझा पाय मुरगळला, म्हणून. तुझे उपकारच आहेत, ओर्सोला." तो चिडवत नव्हता. मनापासून आभार मानत होता. पत्र खिशातच राहिलं.

त्यानंतर बोट लागली की तो विचारायचा, "आलं का गं काही?" मी म्हणायची, "नाही आलं." तो तुला लिहायचा आणि पत्रं माझ्याकडे टाकायला द्यायचा. ती सगळी माझ्या कपाटात आहेत. पत्राच्या शेवटी तू माझ्यासाठी लिहिलंस, "जरा जरी कमीजास्त वाटलं तर कळव, काम सोडून त्याच दिवशी निघेन." मी उलट लिहिलं, "येऊ नकोस, चांगला गुबगुबीत झालाय." आधी तो म्हणायचा, कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत असेल बिचारी. मग म्हणायला लागला, हात दुखत असतील. एक दिवस भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तिला माझा कंटाळा आला असेल, नाही का?" मी म्हटलं, "असं कसं म्हणतोस," आणि त्याची उशी सारखी केली. हेच शब्द अशा आवाजात म्हणता येतात की ऐकणाऱ्याला होकार कळतो.

अठ्ठावीस तारखेला त्याला ताप भरला. ओमेन्याहून डॉक्टर आले. तपासून मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "बायकोला आज बोलवा. उद्यावर ढकलू नका." मी डोक्याला रुमाल बांधून पोस्टात गेले, रांगेत उभी राहिले, माझा नंबर आल्यावर दोन तिकिटं घेतली आणि परत आले. घरी सांगितलं, तार केली. तीन नोव्हेंबरला दुपारच्या घंटा वाजून गेल्यावर बोटीचा भोंगा झाला. त्यानं उशीवरून मान उचलली आणि दाराकडे बघत राहिला. गाउदेन्झिओ दुधाचे कॅन ठेवून परत गेला. एक वाजायच्या आत एवासियो गेला.

पाच तारखेला त्याला आपल्या घराण्याच्या जागेत, बाबांच्या शेजारी पुरलं. कुणी विचारलं तर सांगितलं की बायको तुरीनला आजारी आहे, प्रवास झेपणार नाही. तुझी बंडी चार तारखेला आली होती. ती मी त्याला घातली. मी काही अगदीच दगड नाही. दहा तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं ना, की बंडी घालून शांत पडून असतो? त्यात काही खोटं नव्हतं. ते पत्र टाकून परत येताना मला बरं वाटलं. तू तिकडे टपालाची वाट बघत असशील, हे मनात येऊन बरं वाटलं.

हे सगळं तुला कधी कळवलं असतं का, मला माहीत नाही. पण परवा त्याच्या नावाचं तुझं पाचवं पाकीट आलं आणि गाउदेन्झिओ ते माझ्याऐवजी फादर ज्युस्तोंकडे घेऊन गेला. म्हणाला, "मेलेल्या माणसाला त्याची बायको पत्रं लिहिते, फादर. हे काय आहे?" फादरांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तो गेला हे तिला रविवारपर्यंत तू कळव. नाहीतर सोमवारी मी स्वतः तुरीनला जाईन. तोवर प्रसाद घ्यायला वेदीपाशी येऊ नकोस." म्हणून हे पत्र. शेवटच्या सकाळी एवासियोनं माझं मनगट धरून तुझ्यासाठी एक वाक्य सांगितलं. मी चुकू नये म्हणून दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. ते मला तोंडपाठ आहे. फादरांना ते माहीत नाही. त्यांनी फक्त तो गेला एवढं कळवायला सांगितलंय, आणि तेवढं मी कळवलं.

तुझीच थोरली,
ओर्सोला