फोटो तेवढे घालायचे राहिलेत

२ एप्रिल
मेहुणी येऊन गेली. ही जाऊन वर्ष होतंय, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि हिच्या विद्यार्थिनी मिळून सत्तावीस तारखेला सभा घेणार आहेत. अर्ध्या शहरातल्या बायकांना हिने गाडी शिकवली, त्यामुळे हॉल भरणार. मेहुणी म्हणाली, भावजी, तुम्ही माइकसमोर उभे राहणार नाही हे मला ठाऊक आहे, मागच्या वेळी सगळे बोलले आणि तुम्ही खुर्च्या सरळ करत होतात. यंदा निदान ताईच्या फोटोंचं प्रेझेंटेशन तरी करा. एवढं तरी तुमच्याकडून व्हायला हवं.
फोटो भरलेला पेनड्राइव्ह ठेवून गेली.
हो म्हटलं. मी नकाशे काढणारा माणूस. गटारांचे का असेनात. दोन संध्याकाळींचं काम.

४ एप्रिल
सॉफ्टवेअर उघडलं. पांढरं पान आलं. त्यावर ‘शीर्षकासाठी इथे क्लिक करा’. केलं. रंग निवडला. निळा. मग दुसरा निळा. मग पहिलाच.
पाया भक्कम झाला.

६ एप्रिल
मथळे लिहून काढले. शाळेत. लग्नाआधी. लग्नानंतर. यजमान (इथे माझा फोटो). कन्यारत्न. पहिली गाडी. विद्यार्थिनींसोबत. फोटो तेवढे घालायचे राहिलेत. ते पाच मिनिटांचं काम. पण पेनड्राइव्ह खुपसायचं भोक कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला आहे. त्यासाठी टेबल सरकवावं लागतं.
त्याआधी एका फोटोतून दुसरा अलगद उमलला पाहिजे. सध्या रिकामी चौकट येते तीच धाडकन आदळते. अशा चौकटीत हिला कशी बसवणार?
मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, नेटवर मदतीचे ग्रुप असतात, तिथे विचारा, लोक फुकट सांगतात. म्हटलं, फुकट का सांगतात? ती म्हणाली, बाबा, विचारा फक्त!

७ एप्रिल
विचारलं. ‘आदरणीय महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत व्यवस्थित पत्र लिहिलं. इंग्रजीत.
चहा उकळेपर्यंत उत्तरं हजर! एकाने कळवलं, हा विभाग आकडेमोडीच्या तक्त्यांचा आहे, तुमचा विभाग शेजारी. दुसऱ्याने लिहिलं, सगळं कॅपिटल अक्षरांत लिहू नका, इथे त्याला ओरडणं समजतात.
ऑफिसात माझा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत पोचत नाही अशी साहेबांची कायमची तक्रार. जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी मला ओरडू नका म्हणालं. दिवसभर छान वाटत होतं.

८ एप्रिल
योग्य विभागात, लहान अक्षरांत विचारलं. तिथले टोपीवाले (फोटोत फक्त टोपीच दिसते) विचारतात, व्हर्जन कोणतं? मी कळवलं, निळं.
यावर तिघांनी हसरे चेहरे पाठवले. मंडळी खेळकर आहेत.

१० एप्रिल
टोपीवाले म्हणतात, असं हवेत काही सांगता येणार नाही, नमुन्याची फाइल टाका. मात्र इथला नियम असा की घरच्या माणसांचे फोटो टाकायचे नाहीत. त्यांच्या जागी काहीही चालेल. फक्त तेवढ्याच मापाचं हवं.
मला नियम असलेली जागा आवडते. ऑफिसातून लवकर आलो आणि मोबाइलवर घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. बादली, इस्त्री, कुकर, पायपुसणं, छत्री, जे हाताला लागेल ते. केबल लावून सरळ कॉम्प्युटरवर घेतले. टेबल हलवावं लागलं नाही. भराभर चौकटीत टाकले. मथळे तसेच ठेवले, तिथे मराठी कोणाला वाचता येतंय!

११ एप्रिल
जमलं! टोपीवाल्यांनी फाइल दुरुस्त करून पाठवली. बादली विरघळते आणि तिच्यातून इस्त्री उमलते. अंगावर काटा आला. आता फोटो बदलायचे की झालं. उद्या.

१२ एप्रिल
आज बदलणार होतो. पण ग्रुपवरच्या मांजरवाल्या बाईंनी (फोटोत फक्त मांजर) मध्येच लिहिलं, हा जुना मार्ग झाला, याहून चांगला आहे. टोपीवाले म्हणाले, बाई, तुमचा मार्ग निम्म्या मशीनवर चालत नाही. बाई म्हणाल्या, ज्यांची मशीनं टोपीच्या काळातली आहेत त्यांच्यावर नाही चालत! आपल्यामुळे दोन भल्या माणसांत वाकडं यावं हे बरं नाही. मध्ये पडलो. दोघांचेही मार्ग करून बघतो असं वचन दिलं.
घरात ही आणि मेहुणी भांडायच्या तेव्हा मी गॅलरीत जात असे. ग्रुपवर मात्र मी मध्यस्थ आहे.

१५ एप्रिल
मेहुणीचा फोन. झालं का? म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, तो लाल गाडीजवळचा फोटो घेतलात ना, ताई हसतेय तो? म्हटलं, कोणते घ्यायचे ते अजून ठरायचंय. ती म्हणाली, बघितलेत तरी का? मी म्हटलं, अगं, तांत्रिक बाजू आधी बघावी लागते. तिला यातलं कळत नाही.

१८ एप्रिल
ग्रुपवर आता मीही उत्तरं देतो. एका शिक्षकाच्या प्रेझेंटेशनचा आवाज येत नव्हता. मी लिहिलं, स्पीकर चालू आहे का बघा. नव्हता! माझ्या नावापुढे तारा आला, खाली ‘उदयोन्मुख सहायक’.
साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पूर्वेकडच्या गटाराचा नकाशा कुठाय?

२१ एप्रिल
एकाला फाइल जड होते म्हणून नको ते काढून टाका असं सुचवलं. त्याने काय काढलं कोण जाणे, पण उद्या त्याच्या बहिणीचं लग्न आहे आणि फाइलमध्ये फक्त नवरदेव उरलाय. टोपीवाले धावून आले. मला खासगीत म्हणाले, आधी नक्कल करून ठेवायला सांगत जा. अनुभवाने माणूस घडतो.
स्वतःच्या कामाला आता लागलंच पाहिजे. उद्या टेबल सरकवणार. नक्की.

२४ एप्रिल
टेबल जड आहे.

२६ एप्रिल
टोपीवाल्यांचा निरोप. उद्या तुमचा कार्यक्रम ना, फोटो बदललेत का, ते सर्वांत सोपं आहे. लिहिलं, होय, सर्वांत सोपं आहे.
खोटं काहीच लिहिलं नाही.

२७ एप्रिल, सकाळी
टेबल सरकवलं! पेनड्राइव्ह लावला. फोल्डर उघडला. चिमुकले चिमुकले चौकोन, सगळ्यांत ही. टेबलामागे वर्षभराची धूळ, ती डोळ्यांत गेली. दोन्हींत. काही दिसेना. बंद केला.
हरकत नाही. हॉलवर जाऊन बदलेन. तिथे प्रकाश चांगला आहे.

२७ एप्रिल, संध्याकाळी
तिथे प्रकाश नव्हता. मालकांनी पडदे ओढून ठेवले होते. मी फाइल उघडतो न उघडतो तोच मेहुणी माइकवर म्हणाली, आमच्या भावजींनी पंचवीस दिवस खपून केलंय, बघा. कोणीतरी दिवे घालवले.
‘शाळेत’. बादली.
 पुढच्या रांगेत कोणी खोकलं. बादली विरघळली, अगदी अलगद. ‘लग्नाआधी’. कडक इस्त्री. ‘लग्नानंतर’. शिट्टीवर आलेला कुकर. मागून एक बाई फिस्सकन हसली आणि तोंडावर हात घेतला. बंद करायला गेलो तर हात भलत्याच बटणावर पडला आणि पुढचं आलं. ‘यजमान’. पायपुसणं.
हॉल हसून कोसळला. मालक तर खुर्चीचे दांडे धरून हसत होते. म्हणाले, मॅडम अगदी अश्शाच बोलायच्या! तेवढ्यात ‘कन्यारत्न’ आलं, छत्री. एक विद्यार्थिनी ओरडली, अहो, ही छत्री तीच ना, चुकलं की मांडीवर बसायची ती? दुसरी म्हणाली, माझ्या तर डोक्यात बसलीय! मग कोणी माइकची वाट बघेना. हिने कोणाला चढावर गाडी बंद पाडल्यावर काय सुनावलं, कोणाच्या सासूला मागच्या सीटवर बसवून कशी गप्प केली. सगळे एकदम बोलत होते. मेहुणी हसत होती आणि नाक पुसत होती. मला म्हणाली, भावजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात.
म्हटलं, कल्पना होती डोक्यात.
आता विचार करता, होतीच.

२८ एप्रिल
ग्रुपवर कळवलं की कार्यक्रम गाजला. मांजरवाल्या बाई आणि टोपीवाले, दोघांनीही अभिनंदन केलं. वाद मिटला म्हणायचा.

२९ एप्रिल
मुलीचा फोन. मावशीने सगळं सांगितलं म्हणे. खूप हसली. मग म्हणाली, बाबा, आता खरी फाइल पाठवा ना, आईच्या फोटोंची. मला बघायचीय.
म्हटलं, पाठवतो.
ती म्हणाली, आहे ना?
म्हटलं, थोडं शेवटचं काम राहिलंय.  ती म्हणाली, सावकाश करा, बाबा. मी काही मीटिंगमध्ये नाहीये.

३० एप्रिल
सकाळी लवकर उठून फोल्डर उघडला. डोळ्यांना पाणी लावून बसलो होतो, धुळीचा प्रश्न नको. पहिला फोटो घेतला. लाल गाडीजवळ ही. चौकटीत टाकला.
आडवा पडला. हिचे पाय एका भिंतीला, डोकं दुसऱ्या भिंतीला. फोटो उभा कसा करायचा ते मी ग्रुपवर दोघांना शिकवलंय. एका क्लिकचं काम. पण हात लावला आणि पुन्हा काही बिघडलं तर, म्हणून तसाच ठेवला. मान वाकडी करून बघत बसलो. तशी ती बरोबर उभी दिसते. हसतेय.
दुसरा फोटो आज झाला नाही. ऑफिसला उशीर झाला आणि मान अवघडली ती वेगळीच. साहेब म्हणाले, काय हो, मानेला काय झालं? म्हटलं, प्रेझेंटेशनचं काम चालू आहे.