माझे चाळीस शेअर आणि मालेगावचा बाजार

मी, रंगूबाई दौलतराव इंगोले, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, वय आधार कार्डाप्रमाणे बहात्तर व गुडघ्यांप्रमाणे नव्वद, धंदा शेती, शिवाय सॉफ्टवेअर कंपनीची भागधारक, आज तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून हे मृत्युपत्र सांगते आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. लिहिणारे देवमन अर्जनवीस. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर त्याचे नाव इथेच लिहून घेतले असते.

देवमन म्हणाला, "आजी, असलं मृत्युपत्रात लिवत नसतात."

मी म्हटलं, "मरनार कोन हाये, तू का मी? लिव."

कलम एक. मेडशीचे घर व तीन एकर शेत माझा मुलगा जगदेव यास द्यावे. त्याने शेत चांगले राखले. मलाही बऱ्यापैकी राखले.

कलम दोन. फवारणीचा पंपही जगदेवलाच. मात्र पंपाच्या पट्ट्याला मी एक निळे झाकण बांधले आहे, ते त्याने कधीही काढू नये. कारण असे की, बाटलीवरचे वाचता येत नसल्याने मी झाकणाच्या रंगावरून औषध ओळखत असे. निळे म्हणजे अळीचे, लाल म्हणजे तणाचे. तेरा वर्षांपूर्वी तणाच्या औषधालाच निळे झाकण लागून आले आणि मी ते फुलावरच्या तुरीवर मारले. चार दिवसांत एक एकर तूर माना टाकून उभी. जगदेव भर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून ओरडला, "माय, तुले अक्कलच नाई!" अक्कल होती, अक्षर नव्हते. या दोन्हींत फरक आहे, हे त्याला पंप पाठीवर घेताना दरवेळी आठवावे. बाकी मी त्याला माफ केले आहे.

कलम तीन. माझे दिवंगत पती दौलतराव सातवी शिकलेले होते. सगळ्या गावाचे कागद वाचून देत. मला मात्र म्हणत, "तू वाचाले शिकली त मायं कोन ऐकन?" त्यांचा चष्मा मी जपला आहे. तो माझ्यासोबत चितेवर ठेवावा. वर भेट झाली की हातात देईन आणि म्हणेन, घ्या, आता बसा वाचत.

कलम चार. हे कलम महत्त्वाचे. तूर जळाली त्या दिवशी जगदेवची मुलगी वैभवी धुऱ्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती, अकरा वर्षांची. पुढे अमरावतीला कॉम्प्युटर शिकली आणि वाशिमला एका खोलीत कंपनी काढली. मी दोन म्हशी विकून त्या कंपनीचे चाळीस शेअर घेतले. साठ तिचे आहेत. तिने फोनासाठी असे काही बनवले आहे की फोन कागदावर किंवा बाटलीवर धरला की तो मोठ्याने वाचून दाखवतो. बाटली चिखलाने माखलेली असो, रेंज नसो, तो वाचतो. 'फुलावर मारू नये' हे बारीक अक्षरातलेसुद्धा सोडत नाही. आणि बोलतो आपल्यासारखे, कारण पोरगी एक अख्खा हंगाम आम्हा म्हाताऱ्यांच्या मागे निंदणात बसून आमचे बोलणे टिपत होती. जगदेवला दुसऱ्यांदा विचारले की तो सुस्कारा टाकतो. हा दहाव्यांदाही तितक्याच मायेने सांगतो. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसे पाहिली, पण दुसऱ्याची लाज राखणारी हुशारी एवढी एकच पाहिली. ती माझ्या नातीची आहे, म्हणून फुगवून सांगत नाही. थोडे सांगते.

कलम पाच. आता तक्रार. दोन वर्षांत जेमतेम साठ माणसांनी हे घेतले. पाडव्याला कंपनी बंद करून पुण्याला नोकरी धरायची, असे वैभवीने ठरवले आहे. हे कळल्यावर मी भागधारक या नात्याने एसटीने वाशिमला गेले. तिच्या भिंतीवर मोठी जाहिरात होती, इंग्रजीत. मालाचे नाव 'रीडोव्हेक्स'. दाढ काढण्याआधी हिरडीला लावायचे औषध वाटते.

मी विचारले, "हे कोनासाठी हाये वं?"

"ज्यायले वाचता येत नाई त्यायच्यासाठी, आजी."

"आन् लिवून ठेवलं?"

आधी ती हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मंग काय बाजारात ओरडत बसू? इंजिनिअर हावो मी."

"मी वीस वर्स वांगे ओरडून इकले. ना मले लाज वाटली, ना वांग्यायले."

बाजारात ओरडून विकावे, ही माझी सूचना सभेत साठ विरुद्ध चाळीस अशी पडली. जिवंतपणी ऐकत नाहीत, म्हणून हा कागद.

कलम सहा. माझे चाळीसही शेअर वैभवीला मिळावेत, पण एका अटीवर. तिने मालेगावच्या बाजारात एक अख्खा दिवस उभे राहून, लोकांच्या हातातल्या बाटल्या, कागद, औषधाच्या पुड्या घेऊन त्यांना वाचून ऐकवावे. नाव मराठी ठेवावे. त्यानंतर कंपनी बंद केली तरी माझी हरकत नाही. अट न पाळल्यास चाळीस शेअर जगदेवला जातील. मग दर सभेला बाप समोर बसून सुस्कारे टाकेल.

येथे मजकूर संपला. देवमन म्हणाला, "आता मी वाचून दाखवतो, मंग अंगठा." मी म्हटलं, नको. आजवर सत्तर ठिकाणी अंगठा दिला, दुसऱ्याच्या तोंडावर भरवसा ठेवून. मी फोन काढून कागदावर धरला. देवमनचे अक्षर साहेब लोकांना लागत नाही, फोनाला लागले. कलम एक वाचले, दोन वाचले, आणि लगेच चार.

"तीन कोठी गेलं रे?"

देवमनने मान खाली घातली. "आजी, मले अक्षर दौलतरावकाकानंच शिकवलं. मेलेल्या मानसाबद्दल कसं लिवू?"

"त्याईनं शिकवलं त्याच हातानं लिव."

त्याने लिहिले. वर समासात आहे, पाहून घ्यावे.

एव्हाना व्हरांड्यातल्या रांगेतली माणसे भोवती जमली होती. माझ्याबरोबर निंदणाला येणारी तांड्यावरची रुपाबाई साक्षीला आली होती. तिने पदरातून दवाखान्याची चिठ्ठी काढली, फोनाखाली धरली आणि शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "रंगू, हे मले पायजे. कोठी भेटते?" मागून आणखी अकरा हात कागद घेऊन पुढे आले. मला पत्ता सांगता आला नाही. तो भिंतीवर इंग्रजीत आहे.

म्हणून पुरवणी. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, मला तेवढा धीर नाही. याची नक्कल देवमनने आजच वैभवीला पोचती करावी. वैभवी, येत्या बाजाराले मी वांग्याच्या लायनीत पोतं अंथरून बसतो. ओरडाचं काम मायं. तू फक्त फोन धर आन् पत्ता सांग. बारा गिऱ्हाईक आधीच उभे हायेत.

पुरवणीसह सर्व मजकूर फोनाने मला वाचून दाखवला. काही गाळलेले नाही, याची खात्री करून अंगठा दिला.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची: रंगूबाई दौलतराव इंगोले
साक्षीदार १: प्रेमसिंग राठोड, मेडशी (सही)
साक्षीदार २: रुपाबाई भाऊसिंग चव्हाण, मेडशी तांडा (अंगठा, तिनेही फोनाकडून ऐकून दिला)
लिहिणार: देवमन, अर्जनवीस (सही; कलम तीनसह)
ठिकाण: मालेगाव, जिल्हा वाशिम
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६