बाबांची सरासरी

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

संख्याशास्त्राच्या गृहपाठाने माझा जीव खाल्ला. घरातल्यांची चपळाई मोजायची होती. मी पट्टी वरून सोडायची, समोरच्याने बोटांत पकडायची. जितके सेंटिमीटर कमी निसटतील तितका हात चपळ. आईचे आकडे शहाण्या मुलांसारखे एका रांगेत. बाबांची सरासरी तर माझ्याहून भारी, पण आकडे असे विखुरलेले की ताळमेळच लागेना! चिडून पेन्सिल मोडली. आई म्हणाली, "पेन्सिलीने काय घोडं मारलंय?"

बाबा मात्र खूश. हात मंदावले म्हणून मुकादम त्यांना क्रेन चालवण्यावरून उतरवायचं म्हणत होता ना? माझा कागद घेऊन गेले आणि त्याला दाखवला. उद्याची मोठी तुळई उचलायचं काम त्यांनाच मिळालं.

आज वर्गात बाईंनी विचारलं, "ही शून्यं कसली गं?"

"पट्टी पकडलीच नाही, तिथे काय लिहिणार?"

"अगं वेडे, शून्य म्हणजे सोडल्याबरोबर पकडली. तू तर उलटंच केलंस."

ताई, शून्यं फक्त बाबांचीच आहेत. पट्टी फरशीवर आपटायची, तरी त्यांची बोटं उघडीच. डोळेही उघडे, पण नजर कुठेच नसायची. मग एकदम म्हणायचे, "सोड ना, वाट कसली बघतेस?" मला वाटायचं, माझी थट्टा करतायत.

तशीच मुकादमाकडे धावले. तो हसला. "बाळ, हिशेब तुझाच ना? मग आता बापाला कशाला खाली खेचतेस?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. हळूच म्हणाले, "एवढी तुळई उचलू दे, मग मीच सोडतो. ताईला कळवू नकोस." आई भांडी घासत राहिली. तिला आधीपासून माहीत आहे गं.

बाबा फोनपाशीच बसून आहेत, म्हणून आज रात्रीच तुमच्याकडे निघालेल्या शेजारच्या शिंपीकाकांच्या हाती हे पत्र देतेय.

उद्या तुळईला साखळी अडकवायला खाली भाऊजीच असणार. त्यांना निघू देऊ नकोस. भांड, रड, पाया पड, काहीही कर. मी इथे बाबांना अडवते. पण ताई, ते माझं ऐकतील असं मला वाटत नाही.

तुझी घाबरलेली,
चिमी