खुंटाची फूट

बाबा, जिंकलो! धाकट्या बहिणीचं लिव्हर माझ्या अंगात नीट नांदतंय, आणि आज अकोल्याच्या लॅबमधून आणलेला कागद तसं लेखी सांगतोय. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी माझं लिव्हर निकामी झालं, आणि तिनं आपल्यातला तुकडा काढून दिला. शरीरानं तो परका म्हणून नाकारू नये यासाठी रोज ठरल्या वेळी गोळ्या. पण नर्सरीतून वरूडकडे जाणाऱ्या संत्र्याच्या रोपांच्या गाड्या भरताना संध्याकाळची गोळी चुकायची. भूक लागत होती, अंगात ताकद होती. वाटलं, आता काय होतंय! मग तपासणीत लिव्हरचे आकडे चढले. डॉक्टरांनी अँटिबॉडीची चाचणी करवली. धाकटीच्या लिव्हरविरुद्ध माझ्याच रक्तानं हत्यारं परजली होती. "असंच चाललं तर हे लिव्हर जाईल. गोळ्या चुकतात का?" डॉक्टरांनी विचारलं. शेजारी बसलेली धाकटी म्हणाली, "मीच आठवण द्याले विसरली असन, डॉक्टरसाहेब."

आणि मला लहानपणीची वलगावची आपली नर्सरी दिसली. तुम्ही जंबेरीच्या, त्या रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा कलम करून बांधता आहात. डोळ्याखाली खुंटाला येणारी फूट खुडायचं काम माझं. मी आठवडाभर खेळत राहतो. रोपं हिरवीगार दिसतात, मी खूश. तुम्ही ओळ पाहता आणि कडाडता, "कोनं ठेवली हे फूट? हे संत्र्याची नाही, जंबेरीची हाय! सारा रस हिनंच ओढला, डोळे मेले ना सारे!" मी खाली बघत माती उकरतो. धाकटी पुढं होते, "माह्याच्यानं राहून गेलं, बाबा." दिवसभर तीच बोलणी खाते.

या वेळी मात्र डॉक्टरांसमोर मी तोंड उघडलं. म्हटलं, चूक माझी, हिची नाही. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, त्यानंतर मी एकही गोळी चुकवली नाही. आज त्या अँटिबॉडी सापडत नाहीत आणि लिव्हरचे आकडे जागेवर आहेत! तपासण्या पुढंही होत राहतील, होऊ देत. लॅबच्या पायरीवरच मी आनंदानं ओरडलो, लोक बघत राहिले. तिथून थेट अकोल्यातल्या तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "भाऊ, आता त वेळेवर घे. माहं लिव्हर हाय ते, तुह्या बापाचं नाही!" आपापल्या व्रणावर हात ठेवून आम्ही दोघं हसलो.

हे पत्र नर्सरीच्या कपाटात राहील. बाबा, त्या दिवशीची फूट तिनं नाही, मी ठेवली होती.