एक मूल जास्त

६ मे
वालावलीच्या खाडीकाठी मुक्काम. घर झकास, अंगणात आंबा. सुट्टी म्हणून लेक अक्षया सोबत. तिची आई कोल्हापुरात नोकरीवर. घरमालकीण नर्मदाकाकींनी आल्याआल्या सोलकढी पाजली. काम बालक आणि कुटुंब कल्याणाच्या सर्वेक्षणाचं. प्रश्न पुण्याच्या मॅडमनी काढलेत: मूल किती आनंदी, एक ते पाच. मी भिंतींना पोस्टर चिकटवत या नोकरीपर्यंत आलो. मला कुणी असलं विचारलं नाही. असो, गडी खूश आहे.

८ मे
वाडी बेरकी. प्रत्येक घर एक मूल जास्त सांगतं आणि नाव विचारलं की माड बघत बसतं. धोंडूची पोरगी एक, सांगितल्या दोन. आत त्याची आई पुटपुटली, ‘तेचो एक सांगलंस मां रे?’ माझ्या कानातून काही सुटत नाही. काकींना विचारलं. म्हणाल्या, खाडीतल्याला एक मूल तोंडी देऊन ठेवायचं, म्हणजे तो खऱ्यातलं नेत नाही. मी म्हणतो, सरकारी योजनेवर डोळा, दुसरं काय. जास्तीची सगळी खोडली.

९ मे
नमुना म्हणून माझाही अर्ज भरला: मूल एक. सगळे पुण्याला रवाना. गेलेला अर्ज बदलत नाही. काकी दारात येऊन म्हणाल्या, ‘सगळ्यांकडचो खोडलास, आता तो खंय जातलो?’ म्हणे खाडीतला आता कुणाच्या घरी जाणार! अडाणीपणालाही काही हद्द असते.

११ मे
दुपारी माजघरात दोघींची पावलं. अक्षया म्हणते, मैत्रीण आलीय, तिचंही नाव अक्षया. असेल कुणाची आगाऊ कार्टी.

१२ मे
काकींनी न विचारता तीन पानं वाढली. ती दुसरीही मला बाबा म्हणाली. तोच आवाज. तोच फ्रॉक. काकी म्हणतात, कागदावर दोन करा, तर दोन्ही राहतील. एकच असेल तर एकच राहील, दुसरी तो नेईल. माझा अर्ज बदला म्हणून मॅडमना फोन केला. हसल्या. मीही त्या दिवशी काकींना असाच हसलो होतो.

१३ मे, सकाळ
आईचं नाव विचारलं. दोघींनी सांगितलं. जन्मखूण — दोघींना.

दुपार
एक खाडीकडे निघाली. दुसरीचा हात डाव्या हातात धरलाय, उजव्याने लिहितोय. काकी ओरडतायत, खरी कोणती ठरवा. मोठा तिखट कानांचा शहाणा मी, आणि —
बाहेरची रडतेय. हे रडणं माझ्या — हातातलीही रडतेय. तसंच.
ती गुडघाभर पाण्यात. हा हात सोडला तर — नाही सोडला तर