२१२ किलोमीटर, निळं फाटक

१० मार्च, मंगळवार

— आणि रूटचे दोन्ही कागद, माझा आणि आज हाती आलेला, टेबलावर शेजारी ठेवले. ओळीवर बोट ठेवत गेले. तीनशे किलोमीटर, एकशे चार वळणं. सगळी माझीच! 'पुलानंतर लगेच डावीकडे, पाटी दिसत नाही.' शब्दसुद्धा माझे. वर नाव मात्र नव्या क्लबचं. येत्या रविवारची राइड.

हा रूट आखायला दोन वर्षं लागली मला. विचारायचं तरी! नाही म्हटलं नसतं. बहुतेक.

एकच ओळ गाळली आहे. '२१२ किमी, निळं फाटक, आत नळ' हे ठेवलंय. पुढचं 'कुत्रा धावत येतो. उतरून उभं राहावं, गप्प होतो' हे नाही. चोरी कळू नये म्हणून? मग बाकीचं कशाला ठेवलं?

११ मार्च

सायकल मंडळाकडे तक्रार पाठवली. दादा त्याच्या सायकलच्या दुकानात चाकाचा बाक काढत होता. मान वर न करता म्हणाला, "रस्ता काय तुझ्या तीर्थरूपांचा आहे?"

"आपले तीर्थरूप एकच आहेत, दादा."

"आधी नव्या क्लबच्या त्या मुलाला फोन कर."

"त्याने करायला हवा होता."

"मग बसा दोघं वाट बघत."

१२ मार्च

गुडघा ठणकतोय. कुत्र्याची ओळ डोक्यातून जात नाही.

१३ मार्च, शुक्रवार

दादाची गाडी घेऊन निळ्या फाटकाशी गेले. तीन वर्षांनी! गुडघ्यापायी सायकल सुटल्यापासून रूटचा कागद घरूनच काढते — तारीख बदलून.

कुत्रा आला नाही. बाई बाहेर आल्या, माझ्याच वयाच्या. अंगणात दोन पिंपं पालथी, घासून लख्ख.

"परवा सायकलवाले यायचेत, चाळीस जण. नळाला धार कुठंय आता? भरून ठेवीन म्हटलं. तो मुलगा दोनदा विचारून गेला हो."

कुत्र्याचं विचारलं.

"गेला की. दोन वर्षं झाली. त्या मुलाच्या कागदात होता तो. मीच म्हटलं, खोड बाबा, मला वाचवत नाही."

राहवलं नाही. "आधीही यायचे ना सायकलवाले?"

"यायचे, नळ सोडायचे, जायचे. सात वर्षं. कडी म्हणून कुणी वाजवली नाही. तुम्ही कुठल्या?"

"इकडून चालले होते," म्हटलं. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. प्यायले.

घरी येऊन मंडळाला फोन — तक्रार मागे घ्यायला. चारदा. कुणी उचलला नाही. मेल टाकला.

१४ मार्च

सकाळी सव्वानऊला मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. "ताई, तुमचा मेल आत्ता पाहिला. तुमच्या तक्रारीवरून राइड काल दुपारीच रद्द केली."

बाईंना कळवायला हवं, पिंपं भरायच्या आत. नंबर नाही माझ्याकडे. त्या मुलाकडे असेल.

विचारावं लागेल.